शहाणी लॅटिना म्हणजे कोण?

ऑक्टोबर २००१. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विधी महाविद्यालयात एका न्यायाधीश बाईंचं भाषण झालं. त्यात आजीच्या आठवणी होत्या, खाण्यापिण्याच्या होत्या, न्यायालयांत बायका किती आणि अल्पसंख्याक किती याची आकडेवारी होती. आणि एक वाक्य होतं. त्याचा आशय असा: अनुभवाने समृद्ध झालेली शहाणी लॅटिना बाई, तसं आयुष्य न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षा, बहुतेक वेळा अधिक चांगल्या निर्णयापर्यंत पोचेल, अशी मला आशा आहे.

मे २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनी या बाईंचं, म्हणजे सोनिया सोतोमायोर यांचं, नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं आणि ते आठ वर्षांपूर्वीचं वाक्य उकरून काढण्यात आलं. गोऱ्या पुरुषाने उलट बाजूने असं म्हटलं असतं तर? ही बाई वंशवादी आहे, असं टीव्हीवर उघड म्हटलं गेलं. प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती न्यूट गिंग्रिच यांनीही तो शब्द वापरला. काही दिवसांनी तो वापरायला नको होता असं कबूल केलं. पण तोवर वाक्य एकीकडे आणि भाषण दुसरीकडे, अशी ताटातूट झाली होती.

मी ते संपूर्ण भाषण वाचलं तेव्हा मला त्यात आधी दिसलं ते एक घर. घर, त्या घराला बाहेरच्यांनी दिलेलं नाव आणि त्या नावाबरोबर चिकटलेला पूर्वग्रह, हे तीन धागे सुटे करून पाहिले की ‘शहाणी लॅटिना’ या दोन शब्दांत काय भरलं होतं ते समजतं. तेच इथे करून पाहते.

सुरुवात शब्दापासून. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबातली बाई ती लॅटिना, पुरुष तो लॅटिनो. मराठीप्रमाणे स्पॅनिशमध्येही नामाला लिंग असतं, त्यामुळे हा फरक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. (दोन्ही लिंगं टाळणारा ‘लॅटिनेक्स’ असाही एक शब्द अलीकडे निघाला आहे, पण प्यू रिसर्च सेंटरने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तो स्वतःसाठी वापरणारे अवघे ३ टक्के निघाले.) अवघड गोष्ट वेगळीच आहे. लॅटिना हा वंश नाही. धर्म नाही, एक देश नाही, एक रंगही नाही. क्यूबातली काळी गायिका लॅटिना, अर्जेंटिनातली इटालियन आडनावाची गोरी बाई लॅटिना, ग्वातेमालातली माया भाषा बोलणारी विणकर बाईसुद्धा लॅटिनाच. पेरूचे दहा वर्षं राष्ट्राध्यक्ष असलेले आल्बेर्तो फुजिमोरी जपानी वंशाचे होते. ब्राझीलची माणसं पोर्तुगीज बोलतात. ती लॅटिनो मानली जातात, पण ‘हिस्पॅनिक’ नाहीत, कारण हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं असलेला. स्पेनहून आलेल्या माणसाचं नेमकं उलट.

लिमामध्ये किंवा बोगोतामध्ये राहणारी बाई स्वतःला सहसा लॅटिना म्हणवत नाही. ती पेरूची असते, कोलंबियाची असते, आपल्या गावाची असते. न्यूयॉर्कच्या किंवा ह्यूस्टनच्या विमानतळावर उतरल्यावर ती लॅटिना होते. म्हणजे या शब्दाचा जन्म अमेरिकेच्या जमिनीवरचा आहे, आणि सरकारी कागदांचा त्यात मोठा हात आहे. १९३० च्या जनगणनेत अमेरिकन सरकारने ‘मेक्सिकन’ हा चक्क एक वंश ठरवला. मेक्सिकन सरकारने आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन संघटनांनी विरोध केला, तेव्हा पुढच्या जनगणनेत तो काढून टाकला आणि तीच माणसं बहुतांशी ‘गोरी’ झाली. १९७६ साली स्पॅनिश मुळाच्या लोकांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला, आणि १९८० पासून प्रत्येक घराला विचारलं जाऊ लागलं: तुम्ही हिस्पॅनिक आहात का? शिवाय वंश कोणता, हा प्रश्न वेगळा. या दुसऱ्या प्रश्नापाशी लाखो माणसं अडखळली. गोरे? काळे? यातलं काहीच नाही, म्हणून त्यांनी ‘इतर’वर खूण केली. शेवटी मार्च २०२४ मध्ये दोन्ही प्रश्न एकत्र करण्याचा निर्णय झाला. २०२० च्या जनगणनेत या मोठ्या छत्रीखाली ६ कोटी २१ लाख माणसं होती, देशाच्या लोकसंख्येच्या १८.७ टक्के.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाचाही या कागदांशी थेट संबंध आहे. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत भारतातून आलेल्या माणसाच्या नावापुढे वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहीत. तो शीख असला तरी हिंदू, मुसलमान असला तरी हिंदू. १९७० साली त्याची गणती गोऱ्यांत झाली. १९८० साली, म्हणजे हिस्पॅनिकचा प्रश्न सगळ्या घरांना विचारला गेला त्याच जनगणनेत, ‘एशियन इंडियन’ अशी चौकट आली. माणूस तोच, पन्नास वर्षांत वंश तीन. त्यामुळे एखाद्या लॅटिनाने ‘या अर्जात मी कुठे आहे?’ असं विचारलं, तर न्यू जर्सीतल्या मराठी घराला तो प्रश्न आपलाही वाटायला हरकत नाही.

सोतोमायोर यांनी त्या भाषणात स्वतःची ओळख अधिक नेमकी करून दिली होती: मी न्यूयॉरिकन. न्यूयॉर्क आणि पोर्तो रिकन यांचा हा सांधलेला शब्द. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली-वाढलेली, आईवडील पोर्तो रिकोचे. हा शब्द एके काळी बेटावरची माणसं थोड्या तुच्छतेने वापरत: तिकडे वाढलेली, धड स्पॅनिश न येणारी पोरं. त्याच पोरांनी पुढे तो अभिमानाने स्वतःला लावून घेतला.

आता पोर्तो रिको. हे कॅरिबियन समुद्रातलं बेट चारशे वर्षं स्पेनच्या ताब्यात होतं. मूळचे ताइनो लोक, स्पॅनिश वसाहतवाले आणि गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन, यांच्या मिसळणीतून तिथला समाज तयार झाला. तिथली गुलामगिरी संपली १८७३ साली. १८९८ साली स्पेन अमेरिकेशी लढाई हरला आणि बेट अमेरिकेकडे गेलं. मग प्रश्न आला, की ही माणसं अमेरिकन का? सर्वोच्च न्यायालयाने १९०१ साली दिलेल्या निकालांच्या मालिकेत याचं उत्तर आहे, आणि ते वाचताना मला दर वेळी थबकायला होतं. एका न्यायमूर्तींनी लिहिलं की घरगुती अर्थाने पाहिलं तर हे बेट परकं आहे. घरातलं, तरी परकं. त्याच सुमाराच्या निकालपत्रांत ‘परक्या वंशांच्या’ लोकांना आपले कायदे कसे लागू करायचे, अशी काळजी उघडपणे व्यक्त झालेली आहे.

१९१७ साली कायदा होऊन पोर्तो रिकोच्या लोकांना अमेरिकन नागरिकत्व मिळालं. पण बेटावर राहणाऱ्या नागरिकाला आजही राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. संसदेत त्यांचा एक प्रतिनिधी बसतो. सभागृहात कायदा मंजूर होताना त्याला मत नाही. हाच माणूस विमानात बसून न्यूयॉर्कला राहायला गेला की त्याला मत मिळतं. परत आला की जातं. आज बेटावर साधारण ३२ लाख माणसं आहेत आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ५० लाखांहून जास्त पोर्तो रिकन. त्यांना व्हिसा लागत नाही, पारपत्र लागत नाही. तरी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ‘तुमच्या देशात परत जा’ हे वाक्य त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आहे.

अशाच एका घरात, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, २५ जून १९५४ रोजी सोनियाचा जन्म झाला. आई सेलिना बेटाच्या नैर्ऋत्येला असलेल्या लाहास गावाकडची, लहानपणीच पोरकी झालेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या महिला दलात भरती होऊन ती बेटाबाहेर पडली. वडील हुआन शाळेत तिसरीपर्यंत गेलेले. ते कारखान्यात हत्यारं आणि साचे घडवायचे काम करत आणि स्पॅनिशच बोलत. सातव्या वर्षी सोनियाला मधुमेह निघाला. रोज इन्शुलिन कोण देणार, यावरून आईवडिलांची भांडणं होत, कारण आईला कामावर जायचं असे आणि दारूमुळे वडिलांचे हात थरथरत. तेव्हा मुलगीच गॅसवर सुई-सिरिंज उकळून स्वतःला टोचायला शिकली. ती नऊ वर्षांची असताना वडील गेले.

आईने परिचारिकेचं काम करून दोन मुलं वाढवली. कर्जाने का होईना, ब्रिटानिका ज्ञानकोश घरात आणला. ही मंडळी राहत त्या सरकारी वसाहतीत ती मोठीच चैन होती. आणि नवरा गेल्यानंतर तिने घरात इंग्रजी बोलायला सुरुवात केली. या एका गोष्टीपाशी मी थोडी थांबते. वडिलांबरोबर घरातली एक भाषा मागे सरते आणि शाळेत मुलीचे गुण वाढू लागतात, हे दोन्ही एकाच वेळी घडतं. ज्या घरांनी मुलांच्या शाळेसाठी आपली भाषा बाजूला ठेवली, त्यांना या व्यवहारातला लाभही ठाऊक असतो आणि किंमतही. लॅटिनो कुटुंबांत तिसऱ्या पिढीपर्यंत स्पॅनिश बहुतेक विरून जाते, आणि मग त्याच मुलांना नातेवाईक टोमणे मारतात: आडनाव एवढं मोठं आणि आजीशी बोलता येत नाही! बाहेरचा म्हणतो तुमचं इंग्रजी छान आहे हो, घरचा म्हणतो तुझं स्पॅनिश बिघडलं. दोन्हीकडून परीक्षाच.

पण घर म्हणजे केवळ भाषा नव्हे. सोतोमायोर यांच्या भाषणातला सगळ्यात रसरशीत भाग आजीच्या घराचा आहे. शनिवारी रात्री सगळं गणगोत आजीकडे जमायचं. मोठी माणसं डोमिनो खेळायची. मग आजी आकडे पुकारायची आणि पोरं आपापल्या पत्त्यावरच्या घरावर काबुली चण्याचा दाणा ठेवत लोतेरिया खेळायची. खायला डुकराचं भाजलेलं मांस आणि ‘आर्रोस कोन गांदुलेस’. हे गांदुलेस म्हणजे काय, ते मी शोधलं तेव्हा मला फार आनंद झाला: गांदुलेस म्हणजे आपले तुरीचे ओले दाणे. तूर मुळची भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या जहाजांच्या वाटेने कॅरिबियन बेटांवर रुजली. विदर्भात हिवाळ्यात ज्याला सोले भात म्हणतात, त्याचं चुलत भावंड पोर्तो रिकोत नाताळच्या ताटात असतं. मसाला वेगळा, दाणा तोच.

पोर्तो रिकन घरात मूल वडीलधाऱ्यांना भेटलं किंवा निरोप घेऊ लागलं की म्हणतं, ‘बेंदिसिओन’, म्हणजे आशीर्वाद द्या. समोरून उत्तर येतं, ‘दिओस ते बेंदिगा’, देव तुझं भलं करो. फोनवरसुद्धा संभाषण असंच सुरू होतं. मावशी-आत्या सगळ्या ‘तीती’. बाप्तिस्म्याच्या वेळचे मानलेले आईबाप, पाद्रिनो आणि माद्रिना, हे रक्ताच्या नात्याइतकेच हक्काचे, आणि मुलाचे खरे आईबाप त्यांना ‘कोंपाद्रे’, ‘कोमाद्रे’ म्हणतात: मुलामुळे जुळलेले सोबती. नावात वडिलांच्या आडनावामागोमाग आईचंही आडनाव येतं. अमेरिकन अर्जात एका आडनावापुरती जागा असते, आणि पहिलं गळतं ते आईचं. ही गोष्ट छोटी दिसते. पण अर्ज भरणाऱ्या प्रत्येक मुलीला ती एकदा तरी खटकलेली असते.

या प्रेमळ घराची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर चित्र खोटं होईल. पोर्तो रिकोत एक प्रश्न म्हणीसारखा विचारतात: ‘आणि तुझी आजी कुठाय?’ गोरेपणाचा तोरा मिरवणाऱ्याला हा प्रश्न टाकतात. अर्थ असा, की पाहुण्यांसमोर तू गोरा म्हणून मिरवतोस, पण तुझी काळी आजी तू स्वयंपाकघरात लपवून ठेवली आहेस. कुरळ्या केसांना तिकडे सर्रास ‘वाईट केस’ म्हणतात. उजळ जोडीदार शोधण्याला ‘वंश सुधारणं’ म्हणतात, आणि हा सल्ला प्रेमाने, आजीच्या तोंडूनच मिळतो. स्पॅनिश राजवटीने रंगाप्रमाणे माणसांच्या पायऱ्या लावल्या होत्या. राजवट गेली, पायऱ्या घरात राहिल्या. म्हणून काळ्या लॅटिनांची तक्रार दुहेरी असते. अमेरिकन माणूस त्यांना लॅटिना मानत नाही, आणि लॅटिनो समाज आपल्या मालिकांमध्ये, बातम्यांमध्ये त्यांना फारसा दाखवत नाही. पूर्वग्रह फक्त बाहेरून येतो असं समजणारा या विषयाचा निम्माच भाग पाहतो.

बाहेरून येणारा पूर्वग्रह कसा चालतो, ते कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात स्वच्छ दिसतं. १९४४ साली ऑरेंज काउंटीतल्या वेस्टमिन्स्टर गावात एक बाई आपली मुलं आणि भावाची मुलं शाळेत घालायला घेऊन गेली. तिची स्वतःची मुलं उजळ होती आणि त्यांचं विदौरी हे आडनाव मेक्सिकन वाटत नव्हतं. त्यांना प्रवेश मिळाला. भावाची मुलं सावळी, आडनाव मेंदेस. त्यांना सांगितलं, मेक्सिकन शाळेत जा. एका घरातली मामे-आत्ये भावंडं, एकाच दिवशी, एकाच टेबलासमोर. आत्याने रागाने सगळ्यांनाच परत नेलं.

वडील गोन्सालो मेंदेस मेक्सिकोत जन्मलेले, आई फेलिसितास पोर्तो रिकोची. ज्या शेतावर ते राहत, ते एका जपानी-अमेरिकन कुटुंबाचं होतं. ते कुटुंब युद्धकाळात छावणीत डांबलेलं असल्याने शेत यांनी भाड्याने कसायला घेतलं होतं. त्या शेताच्या उत्पन्नातून खटल्याचा खर्च निघाला. एका पूर्वग्रहाने रिकाम्या केलेल्या घरातून दुसऱ्या पूर्वग्रहाविरुद्धचा खटला उभा राहिला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात हेलावून टाकणारं वळण वाटतं. कोर्टात शाळाधिकाऱ्यांनी सांगितलं की ही मुलं अस्वच्छ असतात, त्यांच्या डोक्यात उवा असतात, त्यांना इंग्रजी येत नाही. मेंदेस यांची मुलगी सिल्विया तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. १९४६ साली निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला, १९४७ साली अपिलात टिकला. त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली वेगळ्या शाळांची कलमं रद्द केली. हेच वॉरन पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, आणि काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसवणं घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राउन’ खटल्याचा निकाल त्यांनी १७ मे १९५४ रोजी दिला. सोतोमायोर यांचा जन्म त्यानंतर सव्वा महिन्याने झाला. सिल्विया मेंदेस यांना २०११ साली ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं.

अशी पाटी लावून केलेली वागणूक सोतोमायोर यांच्या पिढीला फारशी सोसावी लागली नाही. त्यांच्या वाट्याला आली ती शंका. १९७२ साली त्या प्रिन्स्टन विद्यापीठात दाखल झाल्या. तिथे मुलींना प्रवेश मिळायला लागून तीनच वर्षं झाली होती. पहिल्या निबंधात इंग्रजी कच्चं निघालं, म्हणून त्यांनी सुट्टीत व्याकरणाची पुस्तकं घोटली. १९७६ साली सर्वोच्च श्रेणी आणि विद्यापीठाचा पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीचा सर्वात मानाचा पुरस्कार घेऊन त्या बाहेर पडल्या. पुढे येल विद्यापीठात कायदा शिकत असताना, नोकरीसाठी विद्यार्थी निवडायला आलेल्या एका वकील कंपनीच्या भागीदाराने जेवणाच्या टेबलावर विचारलं: तुम्ही पोर्तो रिकन नसता तर तुम्हाला इथे प्रवेश मिळाला असता का? त्यांनी विद्यापीठाकडे तक्रार केली आणि कंपनीला माफी मागावी लागली.

या प्रश्नाचा डंख असा, की पुराव्याने तो संपत नाही. पदक दाखवलं तर पदकही सवलतीचं ठरतं. गुण कमी पडले तर ‘बघा, म्हटलं नव्हतं’, जास्त पडले तर ‘अपवाद आहे’. पूर्वग्रहाची व्याख्या मला कुणी विचारली तर मी इथे बोट ठेवेन: उलट पुरावा समोर आला तरी ज्या मताला धक्का लागत नाही, ते.

आता ते वाक्य पुन्हा वाचू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांच्या नावावर एक विधान सांगितलं जाई: शहाणा म्हातारा आणि शहाणी म्हातारी खटल्यात एकाच निर्णयाला येतील. सोतोमायोर यांचं म्हणणं, मला तशी खात्री नाही. ऑलिव्हर वेंडेल होम्स आणि बेंजामिन कार्डोझो या थोर मानल्या गेलेल्या न्यायाधीशांनीही लिंग आणि वंशावरून केलेला भेदभाव उचलून धरणारे निकाल दिले होते, याची त्यांनी आठवण करून दिली. आणि लगेच दुसरी बाजूही मांडली: ‘ब्राउन’चा निकाल नऊ गोऱ्या पुरुषांनीच दिला होता, तेव्हा वेगळ्या अनुभवाच्या माणसाला दुसऱ्याचं दुःख कळूच शकत नाही असं मानू नये. फक्त ते कळायला वेळ लागतो, कष्ट लागतात, आणि सगळेच ते घेत नाहीत.

(कार्डोझो यांचे पूर्वज पोर्तुगालशी नातं सांगणारे ज्यू होते. सोतोमायोर यांना ‘पहिल्या हिस्पॅनिक न्यायमूर्ती’ म्हणायचं की १९३२ साली नेमलेल्या कार्डोझोंना, असाही वाद २००९ साली रंगला. शब्द किती सैल आहे, ते यावरून कळावं.)

माझं मत सांगते. ‘अधिक चांगला निर्णय’ हे शब्द चुकलेच. ‘वेगळं काही दिसेल’ एवढं म्हणणं खरं होतं आणि पुरेसं होतं. सिनेटच्या चौकशीत सोतोमायोर यांनीही कबूल केलं की भाषणाच्या ओघातलं ते वाक्य फसलं. पण मूळ मुद्दा, की न्यायाधीश घरातून काहीतरी घेऊन येतो, त्यात चूक काय? २००६ साली न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी त्याच सिनेटसमोर सांगितलं होतं की स्थलांतरिताचा खटला समोर आला की मला माझे पूर्वज आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचे वडील इटलीहून आलेले. ते ऐकून कुणी त्यांना वंशवादी म्हटलं नाही. ती माणुसकी मानली गेली. म्हणजे एकाचं घर हे त्याच्या संस्कारांचं लक्षण आणि दुसरीचं घर हे तिच्या पक्षपाताचं. २००९ साली एका लेखकाने तर तक्रार केली की या बाईंच्या आडनावात शेवटच्या ‘योर’वर जोर देणं इंग्रजीला अनैसर्गिक आहे, तो सोडून द्यावा. नाव कसं उच्चारायचं, हेही नावाच्या मालकिणीने ठरवायचं नाही.

६ ऑगस्ट २००९ रोजी सिनेटने ६८ विरुद्ध ३१ मतांनी त्यांच्या नेमणुकीला मान्यता दिली. मग घरून आणलेलं काही निकालपत्रांत उतरलं का? उतरलं, आणि ते शोधायला फार खोल जावं लागत नाही. एप्रिल २०१४ मध्ये विद्यापीठ प्रवेशातल्या वंशविचाराबद्दलच्या एका खटल्यात त्यांनी बहुमताशी असहमत होऊन लिहिलं की वंशाचा फरक पडतो: एखादी तरुणी आपलं गाव सांगते आणि समोरचा विचारतो, ‘नाही, पण खरी कुठली?’, तेव्हा पडतो. अमेरिकेत जन्मलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींनी हा प्रश्न शब्दशः ऐकलेला आहे. जून २०१६ मध्ये पोलिसांनी बेकायदा अडवण्याच्या खटल्यात त्यांनी लिहिलं की काळ्या-सावळ्या मुलांचे आईबाप पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवत आले आहेत: रस्त्याने पळू नकोस, हात दिसतील असे ठेव, अनोळखी माणसाला उलट बोलू नकोस, कारण बंदूकधारी पोलीस काय करेल सांगता येत नाही. कायद्याच्या निकालात हा मजकूर सहसा सापडत नाही. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर सापडतो.

एप्रिल २०२२ मध्ये पोर्तो रिकोच त्यांच्यासमोर आला. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या एका आजारी गृहस्थांना गरीब अपंगांसाठीची केंद्राची मदत मिळत होती. ते बेटावर राहायला गेले. ही मदत पोर्तो रिकोत लागू नाही, म्हणून सरकारने तोवर दिलेले २८,०८१ डॉलर परत मागितले. सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की बेटाला वगळण्याचा संसदेला अधिकार आहे. विरोधातलं एक मत सोतोमायोर यांचं. गरजू नागरिक कुठे राहतो यावरून त्याला इतकं वेगळं वागवायला कोणताही पटेल असा आधार नाही, असं त्यांनी लिहिलं. त्या निकालाशी सहमत असलेले न्यायमूर्ती नील गोर्सच यांनीसुद्धा स्वतंत्रपणे लिहिलं की १९०१ च्या त्या जुन्या निकालांचा पाया वांशिक पूर्वग्रहाचा आहे आणि ते आता रद्द व्हायला हवेत. म्हणजे कोलोराडोत जन्मलेल्या गोऱ्या पुरुषालाही तो पूर्वग्रह दिसला. सोतोमायोर यांनी बर्कलीत जे कबूल केलं होतं, तेही खरं ठरलं.

आणि ८ सप्टेंबर २०२५. लॉस एंजेलिस परिसरात बेकायदा स्थलांतरितांना शोधण्यासाठी फिरती पथकं माणसांना अडवत होती. केवळ दिसण्यावरून, स्पॅनिश किंवा वेगळ्या ढंगाचं इंग्रजी बोलण्यावरून, ठिकाणावरून आणि कामावरून अडवू नका, असा खालच्या न्यायालयाचा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी लिहिलं की नुसत्या वांशिकतेवरून संशय घेता येणार नाही, पण इतर गोष्टींबरोबर ती विचारात घेता येते. सोतोमायोर यांनी दोन सहकारी न्यायमूर्तींसह विरोध नोंदवला: दिसायला लॅटिनो, बोलायला स्पॅनिश आणि कमी पगाराचं काम करणारा वाटला, एवढ्यावर सरकार कुणालाही पकडू शकेल अशा देशात राहण्याची वेळ आपल्यावर यायला नको.

त्या तीन खुणा मी पुन्हा वाचल्या. दिसायला लॅटिनो. बोलायला स्पॅनिश. कमी पगाराचं काम. हुआन सोतोमायोर यांना इंग्रजीत उत्तर देता आलं नसतं, आणि ते १९१७ च्या कायद्याने जन्मापासून अमेरिकेचे नागरिक होते.